हॅशची उत्तरं बरोबर, पण कोड चुकीचा

हॅश म्हणजे कुठल्याही संदेशातून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. ठरलेला संदेश द्यायचा आणि उत्तर छापील उत्तराशी ताडून पाहायचं, हॅशचा कोड तपासायची ही रीत जुनीच आहे. १९९२ साली एमडी५ या हॅश पद्धतीच्या दस्तऐवजात असे सात नमुने होते. एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीच्या वेळी त्यांत दहा लाख 'ए'ची स्ट्रिंग आली.

खरा गुंता एसएचए-३ ही नवी मानक पद्धत निवडायच्या स्पर्धेत झाला. २००७ मध्ये ती जाहीर करणाऱ्या अमेरिकी मानक संस्थेने संदेशाची लांबी बाइटऐवजी (एक बाइट म्हणजे आठ बिट) बिटमध्ये मोजायची ठरवली आणि ० ते २०४७ बिट अशा प्रत्येक लांबीचा एकेक संदेश दिला. त्यांची उत्तरं मात्र स्पर्धकांनी आपल्याच कोडमधून काढून जोडायची होती. पेपर बाहेरचा, पण सोडवणारा आणि तपासणारा एकच. मूळ कोडच चुकला असेल तर छापील उत्तरही तसंच चुकणार, आणि ताळा चोख जमणार!

२०१८ साली काही संशोधकांनी बरोबर उत्तर माहीत नसतानाही चालतील अशा चाचण्या लावल्या. संदेशातला कुठलाही बिट उलटवला तर हॅश बदलायलाच हवा. संदेश संपल्यानंतरच्या बिटांना हात लावला तर बदलता कामा नये. आणि संदेश एकदम दिला काय, तुकड्यांनी दिला काय, उत्तर एकच यायला हवं. स्पर्धेत आलेल्या ८६ पैकी ४१ नमुना कोडांत चुका निघाल्या. 'आठ बिट पुरे न भरणारा अर्धवट बाइट कोण वापरतो?' असा बचाव करता येतो, पण तो लंगडा आहे. अंतिम फेरीत पोहोचलेल्या ब्लेक या पद्धतीच्या कोडमधली चूक साध्या बाइटांवरच, तुकड्यांनी डेटा दिल्यावर उघडी पडायची. ती सात वर्षं कुणाला दिसली नव्हती.

विजेत्या केच्चॅकचीही सुटका झाली नाही. त्याच्या रचनाकारांच्या कोडमध्ये २०११पासून असलेली चूक २०२२ मध्ये बाहेर आली, आणि तोवर तो कोड पायथन आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषांत जाऊन बसला होता. पायथनमध्ये आधी १ बाइट आणि मग एकाच वेळी ४,२९,४९,६७,२९५ बाइट दिले की प्रोग्रॅम कोसळायचा. दुसऱ्या खेपेला आणखी एक बाइट वाढवला तर लूप संपायचाच नाही. सगळा डेटा एकदमच दिला तर कोड दुसऱ्या वाटेने जायचा. त्यामुळे नुसता अवाढव्य संदेश देऊन ही चूक सापडली नसती. आधीचा तो एक बाइट लागायचाच.