भेग नाही, तरी बेल्ट गेलेला

पहिल्या पावसात गाडी सुरू केली की बॉनेटखालून चिरका आवाज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. हा आवाज करणाऱ्या बेल्टला गॅरेजात सरसकट ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. पण एकच लांब नागमोडी बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), एसी, स्टिअरिंगचा पंप आणि काही इंजिनांत पाण्याचा पंपही फिरवत असेल, तर तो चोर्ला घाटात तुटल्यावर बॅटरीचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि इंजिन तापतं.

बेल्टचे कंगोरे, म्हणजे त्याच्या लांबीभर गेलेल्या उंच धारा, पुलीच्या (बेल्ट ज्यावरून फिरतो त्या चाकाच्या) खाचांत पाचरीसारखे रुततात. पकड असते ती खाचेच्या तिरक्या बाजूंवर. कंगोरे झिजले की बेल्ट खोल बसून तळाला टेकतो आणि पाचर सैल पडते. पाणी निसटायला फट उरत नाही, म्हणून पावसात तो घसरतो. जुने निओप्रीनचे बेल्ट भेगाळून इशारा देत. हल्लीचं ईपीडीएम रबर सहसा भेगाळत नाही, टायरसारखं झिजत जातं. नुसतं बघून ‘चांगला आहे’ म्हणणं फसवं.

इंजिन चालू असताना कंगोऱ्यांवर थोडं पाणी फवारा, हात लांब ठेवून. आवाज वाढला तर ताण कमी आहे; क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही.

नवा बेल्ट घेताना जुन्यावरचा आकडा वाचा. ६पीके१७५० म्हणजे ६ कंगोरे, लांबी १७५० मिलिमीटर.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बेल्टच्या वाटेचा फोटो घ्या. पान्याने टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) फिरवून बेल्ट गुळगुळीत पुलीवरून उतरवा, मग टेन्शनर हळूच सोडा. आता प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, बोटीवर गेला की त्याची गाडी महिनोन्महिने खाऱ्या हवेत उभी राहते आणि खाचांत गंज धरतो. तो ब्रशने काढला नाही, तर नव्या बेल्टला पॉलिश पेपरसारखा खातो. तेलगळती असेल तर आधी ती थांबवा. तेलाने रबर फुगतं.

नवा बेल्ट चढवताना कंगोरे खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: बेल्ट एक खाच बाजूला बसतो, वरून कळत नाही, आणि इंजिन सुरू होताच कड उसवते. म्हणून प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, पुन्हा बघा. आवाज दाबायला चिकट स्प्रे मात्र मारू नका. त्यावर लाल धूळ बसते आणि खाचा बुजतात.