खूण मागणं वेगळं, मार्गदर्शन मागणं वेगळं

"शुक्रवारपर्यंत फोन आला तर ही नोकरी तुझ्याकडून आहे असं समजेन, प्रभू." अशी प्रार्थना करणारी माणसं श्रद्धाळू असतात आणि अगदी मनापासून बोलत असतात. पण ती मार्गदर्शन मागत नसतात, खूण मागत असतात. या दोन्हींची आपण इतकी सरमिसळ केली आहे की खूण मिळाल्याची साक्ष दिली की सगळे आमेन म्हणतात, आणि चार जाणत्यांशी बोलून निर्णय घेणारा मात्र कमी विश्वासाचा ठरतो. मला हा अन्याय वाटतो.

प्रार्थना कशी करावी यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी की रात्री, मनात की मोठ्यानं, उपास धरून की न धरता, यानं इथे काही फरक पडत नाही.

खरा घोळ होतो तो जुन्या करारातल्या गिदोनापाशी, मिद्यानी शत्रूंपासून इस्राएलाला सोडवायला देवानं निवडलेल्या माणसापाशी. खूण मागणारा प्रत्येक जण त्याच्या लोकरीचा दाखला देतो, म्हणून बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा ६वा अध्याय एकदा सावकाश वाचा. गिदोन खळ्यावर लोकर ठेवतो. सकाळी आजूबाजूची जमीन कोरडी, आणि लोकर पिळली तर कटोराभर पाणी निघतं. दुसऱ्या रात्री तो याच्या उलट मागतो, तेही मिळतं. गोष्ट आपण इथूनच सांगायला लागतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १४व्या वचनात, देवानं त्याला स्पष्ट सांगितलेलं आहे: जा, इस्राएलाला मिद्यानांच्या हातून सोडव. लोकर ठेवताना गिदोन स्वतःच म्हणतो, "तू म्हटल्याप्रमाणे". म्हणजे काय करायचं हे त्याला माहीत होतं, धीर होत नव्हता. दुसऱ्यांदा मागताना तर तो देवाला विनवतो की माझ्यावर रागावू नकोस. आपण देवाची परीक्षा पाहतोय हे त्याला कळत होतं. देवानं त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं, ही देवाची कृपा. तिची पद्धत बनवून तरुणांना शिकवणं मला मुळीच पटत नाही.

नव्या करारातलं याकोबाचं पत्र (१:५) काय मागायला सांगतं? ज्ञान. खूण मागितली की निर्णय फोनच्या घंटीवर जातो, माझ्यात काहीच बदलावं लागत नाही. ज्ञान मागितलं की निर्णय माझ्याकडेच राहतो आणि देव माझ्यावर काम करू लागतो. मग त्याच नोकरीबद्दलची प्रार्थना अशी होते: पगाराच्या मोहानं मी काही नजरेआड करतोय का? तिथे खोटे हिशेब लिहावे लागतील का? घरच्यांना द्यायचा वेळ कुठून काढणार? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं वचनात सरळ लिहिलेली आहेत, काहींसाठी त्या कामातल्या माणसाला विचारावं लागतं. विचारणं हा अविश्वास नव्हे. मसलतीनं बेत सिद्धीस जातात हे नीतिसूत्रांचंच म्हणणं आहे.

एवढं करूनही दोन चांगले पर्याय उरले तर? मग हवा तो निवडा. लग्नासारख्या मोठ्या गोष्टीतसुद्धा प्रेषित पौल विधवेला सांगतो की तिची इच्छा असेल त्याच्याशी तिनं लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशी (१ करिंथ ७:३९). मर्यादा एकच, बाकी मोकळीक.

यावर कोणी मत्थियाचा दाखला पुढे करतं: यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून त्याची निवड चिठ्ठ्या टाकून झाली होती. ती निवड पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीची. नंतर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात चिठ्ठ्या दिसत नाहीत. त्याच्या १५व्या अध्यायात यरुशलेमला केवढा मोठा प्रश्न होता, यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही हा, पण तो वादविवाद करून, शास्त्रलेख पाहून सुटला. आणि तरीही तिथले प्रेषित व वडील "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले" असं लिहितात.

बायबल कुठेही उघडून बोट ठेवणारे ऑगस्टीन या प्राचीन मंडळीच्या धर्मगुरूचं नाव घेतात. इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्यानं उघडलेल्या पानानं त्याचं आयुष्य पालटलं, हे खरं. पण ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याची चाल आपल्याला पसंत नाही, असं त्यानंच पुढे जानुआरियसला लिहिलेल्या पत्रात म्हटलं.

"दार उघडलं, म्हणजे देवाची इच्छा" हे वाक्य तर मला ऐकवत नाही. योना संदेष्टा देवापासून पळाला तेव्हा याफो बंदरात तार्शीशचं जहाज तयारच होतं आणि भाड्याचे पैसेही त्याच्याकडे होते. "मनाला शांती आहे" हाही पुरावा नव्हे, कारण त्याच जहाजात तो गाढ झोपला होता. उलट अटकेआधी गेथशेमाने बागेत पित्याची इच्छा पत्करताना येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता.

देव खूण देतच नाही, असं मी म्हणत नाही. त्रोवस शहरात पौलाला रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. तो दृष्टान्त पौलानं मागितला होता असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. आणि देव आपल्याला तिकडे बोलावतोय हा निष्कर्ष एकट्या पौलानं काढला नाही. तिथे 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणारा लूक "आम्ही" म्हणतो.