व्हिनेगर, लाळ आणि साखरेचा चढ

सप्टेंबर २०२५मध्ये ‘बीएमजे न्यूट्रिशन, प्रिव्हेन्शन अँड हेल्थ’ या नियतकालिकाने एक शोधनिबंध मागे घेतला. विषय होता ॲपल सायडर व्हिनेगर. लेबनॉनमधल्या १२० स्थूल मुला-तरुणांवर केलेल्या चाचणीचा हा निबंध २०२४मध्ये छापला गेला, तेव्हा जगभर त्याच्या बातम्या झाल्या होत्या. रोज सकाळी चमचाभर व्हिनेगर पाण्यातून घ्या, बारा आठवड्यांत सहा-सात किलो वजन उतरेल, रक्तातली साखरही खाली येईल, असा एकूण सूर. नंतर संख्याशास्त्राच्या जाणकारांनी मूळ आकडे तपासले. तीच आकडेमोड पुन्हा केली तर तीच उत्तरं येईनात, माहितीच विस्कळीत निघाली, चाचणीची आगाऊ नोंदणीही केलेली नव्हती. निबंध रद्द झाला.

वजनाबद्दल मला हळहळ वाटली नाही. चमचाभर आंबट पाण्याने महिन्याला दोन किलो उतरतात, हे पहिल्या दिवसापासून पचण्यासारखं नव्हतं. पण त्या निबंधाबरोबर ‘व्हिनेगर आणि रक्तातली साखर’ हा सगळा विषयच थोतांड ठरवून टाकणारेही लगेच पुढे आले, आणि ते मात्र चूक आहे. या विषयावर १९८०च्या दशकापासून काम चालू आहे. प्रयोग छोटे आहेत, काही एकमेकांशी भांडतात, पण त्या भांडणातूनच पचनाची एक अशी बाजू दिसते जी शाळेत आपल्याला जवळजवळ शिकवलीच जात नाही.

आधी थोडा हिशोब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून फक्त ५ ग्रॅम. एक लहान चमचा! आता १०० ग्रॅम पांढरा ब्रेड खाल्ला, तर त्यातल्या स्टार्चपासून सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोज तयार होतं. रक्तात जेवढी साखर असते तिच्या दहापट साखर एका खाण्यातून आत येणार असते, आणि तरीही निरोगी माणसाची साखर दुप्पटसुद्धा होत नाही. बेसिनचा नळ चालू असावा आणि खालची मोरीही उघडी असावी, तसं हे आहे. बेसिन किती भरेल हे एकूण पाणी किती आलं यापेक्षा नळाच्या धारेवर जास्त ठरतं. मधुमेहात मोरी अरुंद झालेली असते, इन्सुलिन वेळेवर आणि पुरेसं काम करत नाही. अशा वेळी धार बारीक केली तर तेवढंच पाणी उतू न जाता वाहून जाऊ शकतं. व्हिनेगर करतं ते इतकंच. ते साखर ‘जाळत’ नाही, ‘शोषून’ घेत नाही, शरीराबाहेर काढत नाही. ती यायचा वेग कमी करतं.

कसा? १९९५मध्ये इटलीतल्या संशोधकांनी यासाठी एक फार नेटका प्रयोग केला. पाच निरोगी माणसं. त्यांना सॅलड आणि त्यावर पांढरा ब्रेड खायला दिला. एकदा सॅलडवर नुसतं ऑलिव्ह तेल, एकदा तेल आणि व्हिनेगर, एकदा तेल आणि खायचा सोडा घालून आंबटपणा मारलेलं व्हिनेगर. तिसऱ्या प्रकारात व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचं सोडियम ॲसिटेट झालेलं असतं. ॲसिटेट तेवढंच, फक्त आम्लता गेलेली. व्हिनेगरने ब्रेडनंतरचा साखरेचा चढ सुमारे ३१ टक्क्यांनी कमी केला. सोडा घातलेल्या व्हिनेगरने काहीच केलं नाही. म्हणजे गुण आंबटपणाचा, असं निदान या प्रयोगापुरतं तरी स्पष्ट झालं.

मग आम्ल नेमकं कुठे काम करतं? स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी १९९८मध्ये उत्तर दिलं: जठरात. आम्लामुळे जठर हळू रिकामं होतं, म्हणून अन्न आतड्यात उशिरा पोचतं. हे मोजायची त्यांची युक्ती मजेदार होती. त्यांनी ब्रेडमध्ये पॅरासिटामॉल घातलं. ताप उतरवणारं हे औषध जठरातून जवळजवळ शोषलं जात नाही, लहान आतड्यात शिरलं की मात्र भराभर रक्तात उतरतं. त्यामुळे रक्तातलं पॅरासिटामॉल किती आणि कधी वाढलं यावरून जठराचं दार किती वेगाने उघडतंय हे कळतं. व्हिनेगरसोबत ते कमी वाढलं. प्रश्न सुटला, असं बऱ्याच लोकांना वाटलं, आणि आजही बहुतेक लेखांत हेच एक कारण दिलेलं असतं.

पण इटलीच्या त्याच १९९५च्या प्रयोगात चार जणांच्या जठराची सोनोग्राफीही केली होती, आणि जठर रिकामं व्हायच्या वेळेत लक्षणीय फरक दिसला नव्हता. दुसरी अडचण त्याहून मोठी. नंतरच्या प्रयोगांत लोकांना ब्रेडऐवजी साधं ग्लुकोजचं पाणी आणि व्हिनेगर दिलं, तेव्हा साखरेच्या चढात फरक पडला नाही. निरोगी लोकांत नाही, टाइप २ मधुमेहींतही नाही. जठराचं दार हेच मुख्य कारण असेल तर ग्लुकोजचं पाणीही अडायला हवं होतं. ते अडलं नाही. म्हणजे व्हिनेगरला काम करायला काहीतरी अजून न तुटलेलं, तुटायच्या बेतात असलेलं लागतं. ते म्हणजे स्टार्च. आणि स्टार्च तोडायची सुरुवात होते तोंडात.

इथे लाळ येते. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून लहान तुकडे करतं, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं वाक्यही पाठ असतं: जठरात आम्ल असल्यामुळे लाळेचं काम थांबतं. घास तोंडात फार तर अर्धा मिनिट राहतो, त्यामुळे लाळेचं महत्त्व नगण्य, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात जेवण जठरात पडल्यावर तिथली आम्लता पातळ होते. अन्नातली प्रथिनं आम्ल शोषून धरतात आणि रिकाम्या पोटी १ ते २ असलेला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ५-६पर्यंत वर येतो. तो पुन्हा ३च्या खाली जायला तासभर किंवा जास्तही वेळ लागतो. तेवढा वेळ चावलेल्या घासाच्या आत लाळेचं काम चालूच असतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी कृत्रिम जठराच्या यंत्रात ब्रेड पचवून पाहिला, तेव्हा ब्रेडमधल्या स्टार्चपैकी अर्ध्याहून बराच जास्त भाग या जठरातल्या टप्प्यातच लाळेने तोडलेला आढळला. स्वादुपिंडाचा रस अजून रंगमंचावर यायचाच होता.

आता याच घासाबरोबर व्हिनेगर आलं तर? व्हिनेगरचा पीएच अडीच-तीनच्या आसपास असतो. जठराने तासभराने जी आम्लता आणली असती ती पहिल्याच मिनिटापासून हजर होते. लाळेतलं अमायलेज ७च्या जवळच्या पीएचला उत्तम चालतं आणि ४च्या खाली गेलं की निकामी व्हायला लागतं. याचं रसायन मला फार आवडतं, म्हणून थोडं खोलात जातो. या विकराच्या, स्टार्च जिथे येऊन बसतं त्या खाचेत दोन अमिनो आम्लं समोरासमोर बसलेली असतात, एक ॲस्पार्टिक आम्ल (साखळीतलं १९७वं) आणि एक ग्लुटामिक आम्ल (२३३वं). स्टार्चचा बंध तोडायला ग्लुटामिककडे देण्यासाठी एक प्रोटॉन असावा लागतो आणि ॲस्पार्टिककडे मात्र तो नसावा लागतो. त्याच्या मोकळ्या ऋण भारानेच ते साखळीवर हल्ला करतं. एकाच खाचेत एकाने प्रोटॉन धरलेला आणि दुसऱ्याने सोडलेला, ही तारेवरची कसरत ठरावीक पीएचच्या पट्ट्यातच साधते. आम्लामुळे बाहेर प्रोटॉनची गर्दी झाली की ॲस्पार्टिकही प्रोटॉन पकडून बसतं आणि हल्ला थंडावतो. त्यातच विकराचा आकार सांभाळणारा कॅल्शियमचा आयन आम्लात सुटतो, घडी उसवते, आणि मग पीएच पुन्हा वर आला तरी ते विकर पूर्ववत होईलच असं नाही.

हे सगळं अवघड वाटत असेल तर शाळेतला आयोडीनचा प्रयोग करून पाहा. दोन नळ्यांत भाताची पातळ पेज घ्या, दोन्हींत थोडी लाळ टाका, एकीत व्हिनेगरचे काही थेंब. थोड्या वेळाने दोन्हींत आयोडीनचा थेंब सोडा. नुसत्या लाळेच्या नळीत निळा रंग येणार नाही किंवा अगदी फिका येईल, कारण स्टार्च तुटलेलं असेल. व्हिनेगरच्या नळीत तो गडद निळा येईल.

लाळेचं हे म्हणणं खरं असेल तर ॲसेटिक आम्लाला काही खास मान मिळू नये, दुसरं आम्लही चालायला हवं. फ्रान्समधल्या त्याच गटाने २०२१मध्ये ब्रेडबरोबर लिंबाचा रस देऊन पाहिलं. साखरेचं शिखर सरासरी ३० टक्क्यांनी खाली आलं आणि ३५ मिनिटांहून जास्त उशिरा आलं. लिंबात असतं सायट्रिक आम्ल. पुढे त्यांनी एमआरआय लावून जठर पाहिलं तर लिंबाच्या रसाने ते हळू तर नाहीच, उलट अधिक वेगाने रिकामं होत होतं. तरी साखर कमी चढली. माझ्या मते जठराच्या दाराच्या सिद्धान्ताला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का आहे. व्हिनेगरच्या बाबतीत दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडत असतील, पण वजन लाळेच्या पारड्यात आहे.

म्हणजे स्टार्च पचतच नाही का? पचतं. फक्त उशिरा. आम्ल लहान आतड्यात उतरलं की तिथली भिंत सिक्रेटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटचा रस ओततं. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२मध्ये शोधलेलं हे पहिलं संप्रेरक. आतड्याच्या एका भागाच्या नसा कापून टाकल्या तरी तिथे आम्ल सोडताच स्वादुपिंड स्रवतं, हे त्यांनी दाखवलं; तोवर हा सगळा कारभार नसा चालवतात असं रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉवसारख्या दिग्गजाचंही मत होतं. या रसाने आम्ल मारलं जातं, स्वादुपिंडाचं स्वतःचं अमायलेज कामाला लागतं आणि उरलेलं स्टार्च तुटतं.

यावरून व्यवहारात काय ते उघड आहे. व्हिनेगर घ्यायचं तर जेवणासोबत किंवा अगदी लगेच आधी, आणि जेवणात स्टार्च असेल तरच. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या ग्लासाचा दुपारच्या भाताशी संबंध उरत नाही. अथेन्समध्ये २०१०मध्ये टाइप २ मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात व्हिनेगरने कुस्करलेल्या बटाट्यांच्या जेवणानंतरचा चढ कमी केला, पण अख्ख्या धान्याचा ब्रेड, कोशिंबीर आणि चीज यांच्या जेवणात फरक पडला नाही. तिथे साखर मुळातच हळू येत होती.

एक निरीक्षण मात्र या चौकटीत बसत नाही. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत २००७मध्ये ११ टाइप २ मधुमेहींना झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चीज दिलं, तर सकाळची उपाशीपोटीची साखर ४ ते ६ टक्क्यांनी कमी भरली. इथे लाळेचा काही संबंध नाही. शरीरात ॲसिटेट वापरताना पेशीत एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं थेट एएमपी (त्याचं ऊर्जा खर्च झालेलं रूप) होतं, एएमपी वाढलं की एएमपीके हे विकर जागं होतं आणि यकृताची साखर बनवायची गती मंदावते, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. असेलही. पण ११ माणसं म्हणजे फार थोडी, आणि १५० साखर असलेल्या माणसाला ६ टक्के म्हणजे १४१. औषध बंद करण्याइतकं यात काहीच नाही.

बाटलीत तरंगणाऱ्या गढूळ ‘मदर’बद्दल बरंच ऐकू येतं. तो जिवाणू आणि त्यांनी विणलेल्या सेल्युलोजचा पापुद्रा आहे. वरच्या कोणत्याही प्रयोगात कामाला आलं ते आम्ल, जे स्वच्छ पांढऱ्या व्हिनेगरमध्येही असतं. व्हिनेगरने ‘शरीर अल्कधर्मी होतं’ हा दावा तर उलट्या दिशेने पळणारा आहे. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, त्यांना आपल्या चमच्याची गरज नसते. आणि गोळ्या? अशी गोळी घशात अडकून एका बाईच्या अन्ननलिकेला इजा झाली, त्यावरून २००५मध्ये आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या गेल्या. आम्लाचं प्रमाण प्रत्येकीत इतकं वेगळं होतं की त्यांत व्हिनेगर आहे की नाही अशीच शंका तपासणाऱ्यांनी घेतली. शिवाय बंद गोळी घासात मिसळत नाही, मग लाळेला अडवणार कशी?

प्रयोगांत साधारण एक ते दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ते ३० मिलिलिटर, ५ टक्क्यांचं व्हिनेगर वापरलेलं असतं, तेही पाण्यात किंवा सॅलडवर. नुसतं पिऊ नये. पीएच ५.५च्या खाली गेला की दातांचं एनॅमल विरघळायला लागतं, आणि व्हिनेगर त्याच्या कितीतरी खाली आहे. जास्त घेतलं तर जास्त फायदा होत नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये १९९८मध्ये नोंदवलेल्या एका २८ वर्षांच्या स्त्रीने सहा वर्षं रोज पाव लिटर सायडर व्हिनेगर घेतलं होतं. तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं आणि हाडं ठिसूळ झाली होती. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होतं, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा दुबळ्या होतात आणि जठर आधीच रेंगाळत रिकामं होतं. स्वीडनमध्ये २००७मध्ये अशा दहा टाइप १ मधुमेहींना दोन आठवडे रोज ३० मिलिलिटर सायडर व्हिनेगर दिलं, तर त्यांचं जठर रिकामं व्हायचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. जेवणाआधी टोचलेलं इन्सुलिन ठरल्या वेळी कामाला लागतं आणि अन्न अजून जठरातच असतं. अशा माणसाची साखर जेवणानंतर आधी धोकादायक खाली जाऊ शकते आणि मग, इन्सुलिन ओसरल्यावर, वर चढते.