पाय दुखतात ते लॅक्टिक आम्लामुळे नव्हे

रत्नागिरी-गुहागरकडच्या जांभ्या दगडांच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तेव्हा ‘पायात लॅक्टिक आम्ल साचले’ असे हमखास सांगितले जाते. ही समजूत चुकीची आहे. श्रमाने वाढलेले लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुखणे मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण दुखणे उतारावर धावणाऱ्यांना जडले.

एमआरआय तपासणी यामागचे कारण उलगडते. राबलेल्या स्नायूत पाणी वाढल्याने ‘टी-२’ प्रतिमेत (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात) तो लगेच उजळ दिसतो आणि ही पहिली उजळी लवकर ओसरते. पायरी उतरताना मात्र गुडघा वाकत जातो, मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा सगळा भार पेलतो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि पुढील काही दिवसांत सूज येऊन तोच भाग पुन्हा उजळतो. कित्येकदा दुखणे थांबल्यावरही ही खूण टिकते. म्हणून ‘आम्ल निचरण्यासाठी’ पाय रगडण्यात अर्थ नाही. उतरण्याची सवय हळूहळू वाढवावी. लघवी गडद तपकिरी झाल्यास मात्र ते स्नायूंच्या गंभीर इजेचे लक्षण असू शकते, म्हणून तातडीने डॉक्टरांकडे जावे.