ल्युटेशियम-१७७

ल्युटेशियम-१७७ हा ल्युटेशियम या विरल मृदा (रेअर अर्थ) धातूचा किरणोत्सारी समस्थानिक आहे. कर्करोगाची गाठ कुठे आहे ते दाखवणे आणि त्याच गाठीवर मारा करणे, ही दोन्ही कामे त्याचा एकच अणू करतो. ल्युटेशियमचा अणुक्रमांक ७१. लँथनाइड मालेतले हे शेवटचे मूलद्रव्य. १९०७ साली पॅरिसमध्ये जॉर्ज युर्बें यांनी ते इटर्बियमपासून वेगळे काढले आणि पॅरिसच्या ‘लुटेशिया’ या जुन्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हेही त्याच सुमारास याच शोधापर्यंत पोचले होते.

हा अणू क्षय पावून स्थिर हाफ्नियम-१७७ मध्ये बदलतो, तेव्हा त्यातून बीटा कण बाहेर पडतात. शरीराच्या ऊतींमध्ये त्यांची धाव जास्तीत जास्त २ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून लहान गाठी जळतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. सोबत २०८ आणि ११३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे थोडे गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात आणि गॅमा कॅमेऱ्यात टिपता येतात. औषध गाठीत पोचले की मूत्रपिंडातच अडकले, हे त्यामुळे डोळ्यांनी पाहता येते. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६.६५ दिवसांचे. माझ्या मते या धातूचे सगळ्यात मोठे देणे हेच आहे: अणुभट्टीतून काढून, शुद्ध करून, शिशाच्या भांड्यात बंद करून दूरच्या शहरातल्या रुग्णालयात पाठवले, तरी वाटेत ते संपून जात नाही.

नुसत्या धातूला मात्र गाठ ओळखता येत नाही. मोकळा सोडला तर तो हाडांत जाऊन बसतो. म्हणून ‘डोटा’ नावाच्या पिंजऱ्यासारख्या रेणूत तो पक्का धरला जातो आणि पिंजऱ्याला गाठीचा पत्ता ठाऊक असलेला पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) जोडतात. न्यूरोएंडोक्राइन गाठी म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठी. त्यांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते जिथे चिकटते ती प्रथिने, भरपूर असतात. डोटा आणि असा पेप्टाइड मिळून झालेले ‘डोटाटेट’ तिथे जाऊन चिकटते. प्रोस्टेटच्या कर्करोगात पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारा रेणू वापरतात. उपचाराआधी तशाच रेणूला गॅलियम-६८ हा किरणोत्सारी समस्थानिक जोडून पीईटी स्कॅन करतात. गॅलियम विरल मृदा धातू नाही, पण स्कॅनमध्ये गाठी उजळल्या तरच पुढे ल्युटेशियम द्यायचे, नाहीतर नाही, हा निर्णय त्याच्यामुळे घेता येतो.

एका वेळची नेहमीची मात्रा किरणोत्साराच्या मापात ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी. शुद्ध ल्युटेशियम-१७७ चा हिशेब केला तर हे वजन दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. डोटाटेटच्या वेळी आधी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे सलाईन सुरू करतात. मूत्रपिंडे हे औषध धरून ठेवतात, त्यांना त्यापासून वाचवायचे असते. रुग्णाला मळमळ होते ती बऱ्याचदा या सलाईनमुळे. हे आधी सांगितलेले असले की नातेवाइकांचा जीव निम्मा भांड्यात पडतो. औषधाची बाटली शिशाच्या आडोशाआड असते आणि तीस-चाळीस मिनिटांत औषध शिरेतून आत जाते. त्यानंतर रुग्णाने भरपूर पाणी प्यायचे, संडास-बाथरूम वेगळे वापरायचे. लघवी थेट गटारात जात नाही. ती बंद टाक्यांत साठवून किरणोत्सार उतरू देतात. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या उमटलेल्या दिसतात.

मध्यांत्राच्या (मुख्यतः लहान आतड्याच्या) न्यूरोएंडोक्राइन गाठींवरच्या ‘नेटर-१’ चाचणीत २० महिन्यांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ६५.२ टक्के होते, तुलनेच्या गटात १०.८ टक्के. अमेरिकेत डोटाटेटला २०१८ मध्ये आणि प्रोस्टेटसाठीच्या औषधाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेटच्या ‘व्हिजन’ चाचणीत मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेले. हा रोगमुक्तीचा दावा नव्हे. इतर उपचार थकल्यावर मिळालेले चार महिने आहेत. तोंडाला कोरड पडणे, रक्तपेशी कमी होणे हे त्रास होतात.

महाराष्ट्राचा या धातूशी जवळचा संबंध आहे. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये ल्युटेशियम-१७६ केवळ २.६ टक्के असतो, पण न्यूट्रॉन शोषून घेण्याची त्याची क्षमता विलक्षण मोठी आहे. म्हणून या समस्थानिकाचे प्रमाण वाढवलेला नमुना भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत ठेवून ल्युटेशियम-१७७ मिळवता येते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर हे देशात डोटाटेट उपचार मोठ्या संख्येने करणाऱ्या केंद्रांपैकी एक आहे. ल्युटेशियम-१७६ पासून बनवण्याच्या या थेट पद्धतीत १६० दिवस अर्धायुष्य असलेले ल्युटेशियम-१७७एम हे त्याचेच दीर्घायुषी रूप थोडेसे मिसळते आणि कचऱ्याची डोकेदुखी वाढते. इटर्बियम-१७६ पासून सुरुवात केली तर ती टळते, पण रासायनिक विलगीकरण फार किचकट होते.

याच कुळातले समॅरियम-१५३ हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी वापरले जाते. इट्रियम-९० चे बीटा कण अधिक दूरवर, सुमारे ११ मिलिमीटरपर्यंत जातात. ते मोठ्या गाठींना सोयीचे. टर्बियमचे तर १४९, १५२, १५५ आणि १६१ असे चार समस्थानिक उपयोगी ठरू शकतात. त्यांपैकी टर्बियम-१६१ ल्युटेशियमसारखेच बीटा कण देते आणि शिवाय अगदी तोकड्या धावेचे इलेक्ट्रॉनही सोडते. रक्तात भटकणाऱ्या एकेकट्या कर्कपेशी त्यांनी मारता येतील का, हे सध्या तपासले जात आहे.