महाडचा आपत्ती आराखडा: कायदे इतर गावांच्या दुर्घटनांतून आलेले

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. पोलादपूरमार्गे ती महाडला पोचते तेव्हा समुद्रसपाटी जवळच असते, बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती थेट इथवर जाणवते. रायगडाच्या बाजूने गांधारी येते, बिरवाडीकडून काळ नदी. वरून तीन नद्यांचे पाणी आणि खालून समुद्र, अशा कोंडीत महाडची बाजारपेठ वसली आहे. ही चूक नव्हे. महाड हे जुने बंदर. भरतीबरोबर गलबते वर येत म्हणूनच गाव इथे वाढले. ज्या पाण्याने बाजार आणला तेच पाणी आता बाजारात शिरते.

२०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २७ हजारांच्या घरात होती. एवढ्याशा गावाने आणि त्याच्या तालुक्याने गेल्या वीस वर्षांत काय काय पाहिले? जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडीवते आणि रोहन इथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहने पात्रात गडप झाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, त्याच वर्षी २४ ऑगस्टला काजळपुऱ्यातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ ला शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली. तिथला आकडा ८० च्या वर गेला. ३ नोव्हेंबर २०२३ ला एमआयडीसीतील एका औषध कारखान्यातल्या स्फोटात ११ कामगार दगावले. पूर, दरड, वादळ, पूल, इमारत, रसायन. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकातली अनुक्रमणिकाच म्हणा.

आराखडे नव्हते असे नाही. उलट बरेच होते, आणि प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे. ती माहीत असली की ते एकमेकांशी का बोलत नाहीत हे कळते.

सगळ्यात जुना थर दुष्काळाचा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता तयार केल्या. त्यांतून आलेली चौकट महसुली होती: संकट ओसरले की नुकसान मोजायचे आणि मदत द्यायची. तलाठ्याचा पंचनामा हे या पद्धतीचे मुख्य हत्यार, आणि आजही पुराच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत कार्यक्षमपणे चालणारी यंत्रणा तीच आहे. याच परंपरेतला एक निकष पाहा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पीकनुकसानीच्या मदतीसाठी तो ठीक आहे. पण कोकणात जुलैत ६५ मिलिमीटर म्हणजे रोजचा दिवस. त्यावरून कुणाला घर सोडायला सांगता येत नाही. मोजमाप मदतीसाठी बनलेले आणि आपण ते इशाऱ्यासाठी वापरू पाहतो, हा घोळ तिथून सुरू होतो.

दुसरा थर भोपाळचा. १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखालच्या १९८९ च्या नियमांनी धोकादायक रसायने बाळगणाऱ्या कारखान्यावर कुंपणाच्या आतल्या आराखड्याची, तर जिल्हा प्रशासनावर कुंपणाबाहेरच्या आराखड्याची जबाबदारी टाकली. १९९६ च्या नियमांनी त्याखाली स्थानिक आपत्ती गट बसवला. प्रांताधिकारी अध्यक्ष, दरमहा बैठक, दर सहा महिन्यांनी एक पूर्ण रंगीत तालीम. कागदावर हा देशातला सर्वांत बारकाईने लिहिलेला स्थानिक आराखडा आहे. मात्र त्याच्या डोळ्यांसमोर कोरड्या दिवशीची वायुगळती आहे: वाऱ्याची दिशा बघा, वाऱ्याला आडवे जा, दारे-खिडक्या बंद करा. गावात चार फूट पाणी असताना गळती झाली तर आडवे जायचे कुठे, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

तिसरा थर लातूरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे व नियंत्रण कक्ष उभे राहिले. इतर अनेक राज्यांच्या आधी आपल्याकडे हे झाले, याचे श्रेय द्यायला हवे. पण आराखड्याचे एकक जिल्हा ठरले ते तेव्हाच. रायगड जिल्ह्याचा कक्ष अलिबागला, महाडपासून शंभर किलोमीटरहून दूर. मधल्या रस्त्यावर पाणी आले की तो कक्ष फोनपुरताच उरतो, आणि फोन चालू असेल तरच.

मग २००५ आले. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यातल्या दरडींखाली गावे गेली होती, ती बातमी आतल्या पानावर राहिली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचा मुख्य धक्का २००४ च्या त्सुनामीचा होता. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले, कलम ३२ ने स्थानिक प्राधिकरणांनाही आराखडा करायला सांगितले आणि कलम ४१ ने नगरपालिकेवर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि साधने सज्ज ठेवण्याचे काम टाकले. पैशाचा रकाना मात्र पालिकेच्या अर्थसंकल्पावर सोडला. क वर्ग नगरपालिकेचा मुख्याधिकारी नालेसफाईचे बिल भागवताना मेटाकुटीला येतो. त्याने होड्या कुठून घ्यायच्या?

प्रत्येक थर एका धोक्याभोवती विणलेला आहे. महाडसारख्या गावात धोके एकेकटे येत नाहीत, एकाच्या शेपटीला दुसरा बांधलेला असतो, आणि आराखडा फसतो तो या गाठीवर.

२२ जुलै २०२१ चा दिवस घ्या. त्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. नदी चढत होती आणि खाडी तिला उतरू देत नव्हती. रस्ते तुटले, वीज गेली, मोबाइलचे मनोरे बॅटरी संपताच मुके झाले. तळियेवर दरड आली ती याच अवस्थेत. महाडपासून गाव फार लांब नाही, पण महाडच पाण्यात होते आणि बाहेरची मोठी पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. एरवी काही तासांचे हे अंतर घाट आणि महामार्ग दोन्ही बंद झाले की मोजता येत नाही. त्यानंतर पावसाळ्यात महाडला पथक आधीच आणून ठेवू लागले, ही या घटनेतून झालेली सर्वांत उपयोगी सुधारणा.

आता इशाऱ्याचे गणित. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर. दोहोंत अंतर अर्ध्या मीटरचे. पाणी तासाला २५ सेंटिमीटर चढत असेल तर हाताशी दोन तास, ५० ने चढत असेल तर एकच. बाजारपेठेतल्या साध्या किराणा दुकानात ५० किलोची शंभर पोती धरा. दोन माणसांना एक पोते माळ्यावर चढवायला तीन मिनिटे लागली, तर शंभर पोत्यांना पाच तास. म्हणजे भोंगा इशारा पातळीला वाजला तर माणसे वाचतील, माल वाचणार नाही. जुने व्यापारी भोंग्यावर विसंबत नाहीत ते यामुळेच. ते महाबळेश्वर-पोलादपूरचा पाऊस विचारतात, भरतीची वेळ पाहतात आणि बाजारातल्या सखल सुकट गल्लीत पाणी आले का याची खबर ठेवतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; नदीचा लोंढा भरतीच्या टोकावर आदळणार की ओहोटीत निघून जाणार, यावर गल्लीतले दोन-तीन फूट पाणी ठरते. आराखड्यात पातळीच्या शेजारी पाणी चढण्याचा वेग, वरचा पाऊस आणि भरतीची वेळ हे तीन रकाने असायला हवेत. बहुतेक आराखड्यांत अधिकाऱ्यांच्या फोन नंबरांची यादीच लांबलचक असते, तीही बदल्यांमुळे दिवाळीपर्यंत शिळी झालेली.

साधनांचे दोष ठरावीक आहेत. होडीच्या इंजिनात गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल तसेच राहिले तर त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो आणि ऐन वेळी दोरी ओढून खांदे दुखतात. मे महिन्यात टाकी रिकामी करून, ताजे पेट्रोल भरून, इंजिन पाण्यात उतरवून अर्धा तास चालवणे हाच उपाय. गल्लीबोळात तर इंजिन वर उचलून वल्हे आणि दोर वापरावे लागतात, कारण पाण्याखालच्या मोटारसायकलींचे हँडल आणि लोंबत्या तारा पंख्यात अडकतात. रुग्णालयाचा आणि पालिकेचा जनरेटर तळमजल्यावर असतो, कारण बसवायला ते सोपे. पूर आला की पहिला बुडतो तोच.

रसायनांच्या बाबतीत एक साधी गोष्ट कारखान्यांतसुद्धा विसरली जाते: भरलेला पिंपही तरंगतो. टोल्युइन या ज्वलनशील द्रावकाच्या २०० लिटरचे वजन १७४ किलोच्या आसपास, लोखंडी पिंपाचे अजून वीसेक. एकूण १९५ किलोंच्या आत, आणि पिंप बुडाला तर तो २०० किलोंहून जास्त पाणी बाजूला सारतो. म्हणून तो उचलला जातो, भिंतीवर आपटतो, झाकण सैल होते. पिंप जाळीत किंवा साखळीने बांधणे, पाण्याशी भडकणारी रसायने वरच्या मजल्यावर नेणे आणि साठ्याची यादी गेटवर नव्हे तर अग्निशमन केंद्रात ठेवणे ही कामे जूनच्या आधीची. २०२३ च्या स्फोटात आत उरलेली पिंपे फुटत राहिल्याने बचावकार्य रखडले होते, आणि तो तर कोरडा नोव्हेंबर होता.

पूल आणि इमारत या दोन घटनांतून नियमांची वेगळीच भोके दिसली. सावित्रीच्या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. मेमध्ये नदी आटलेली, दगडकाम डोळ्यांना धड दिसते. पुलाचा घात होतो तो पायाखालची माती पुराने खरवडल्यामुळे, आणि तो खड्डा पूर ओसरताना गाळाने पुन्हा भरतो. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची अशा दोन तपासण्या, पायाशी खोली मोजून, आणि ठरावीक पातळीला पूल बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला, एवढे केल्याशिवाय प्रमाणपत्राला अर्थ नाही. शेजारी दुसरा पूल उभा होता, त्यामुळे जुना त्या रात्री बंद ठेवणे अशक्य नव्हते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला; मनावर घेतले तर काम किती वेगाने होते हेही त्यातून दिसले. ‘तारिक गार्डन’ तर जेमतेम दहा वर्षांच्या आतली. संरचनात्मक परीक्षणाचा आपला नियम ३० वर्षांवरच्या इमारतींकडे बोट दाखवतो. छोट्या शहरात भरभर उठलेल्या नव्या इमारती त्या जाळ्यातून अलगद सुटतात.

दरडींच्या यादीचेही तसेच. भूवैज्ञानिकांच्या पाहणीतून रायगडमध्ये १०३ दरडप्रवण गावे काढली गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, ती यादीत नव्हती. यादी टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. जमिनीला नव्याने पडलेली भेग, तिरपी झालेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा ही लक्षणे दिसली की यादी न पाहता उठायचे, हे वाडीवाडीत सांगितलेले असले पाहिजे.

पूर ओसरल्यानंतरचा आठवडा आराखड्यात एका ओळीत उरकलेला असतो, आजार मात्र त्याच आठवड्यात येतात. विहिरीचे उदाहरण पुरे. तीन मीटर व्यासाची, चार मीटर पाणी असलेली विहीर म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर या हिशेबाने ७० ग्रॅम. पुराचे गढूळ पाणी शिरले असेल तर आधी उपसा आणि मग निदान दुप्पट मात्रा. पावडर बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, घ्यायची. रंग आला नाही तर बहुधा पावडरच मेलेली असते. ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडे पोते दमट हवेत महिनाभर राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आरोग्य विभाग देतो, पण साफसफाईला आलेल्या बाहेरगावच्या स्वयंसेवकांची नोंद कुणाकडेच नसल्याने ते त्यातून सुटतात.

२०२१ नंतर सावित्रीतला गाळ आणि पात्रातली बेटे काढण्याचे काम झाले, दासगावजवळच्या रेल्वे पुलाच्या भरावाने पाणी तुंबते हा जुना वादही वर आला. पाणी लवकर उतरायला याने मदत होते. महाबळेश्वरचा पाऊस आणि उधाण एकत्र आले तर शहर कोरडे राहील असे मात्र कुणी समजू नये. शिवाय काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर पुढच्या पुरात तो परत पात्रात जातो.

एप्रिल २०२५ पासून आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. तिने शहरांसाठी स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली, पण ती राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी. महाड नगरपालिका तिच्या बाहेर आहे. इथे अजूनही पूर तहसीलदारांकडे, रसायन प्रांतांच्या गटाकडे, इमारत मुख्याधिकाऱ्यांकडे आणि पूल महामार्गवाल्यांकडे आहे.