हृदयरोग्याच्या ताटात दाणे परत कसे आले

१९८० च्या दशकात हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला पथ्याचा जो कागद मिळे, त्यात लोणी, तूप, अंड्याचा बलक यांच्या जोडीला शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांच्यावरही बहुधा फुली असायची. हिशेब सरळ होता. चरबी वाढली की कोलेस्टेरॉल वाढतं, आणि शेंगदाण्याच्या किंवा बदामाच्या वजनातला साधारण निम्मा भाग चरबीचाच असतो. अक्रोडात तर त्याहूनही जास्त. मग १९९२ साली अमेरिकेतल्या 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या ३१,२०८ माणसांचा पाठपुरावा करून त्यात असं दिसलं होतं, की आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा दाणे, बदाम, अक्रोड खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका क्वचितच खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता. प्राणघातक आणि प्राणघातक नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या झटक्यांना हे लागू होतं. निबंधाचे मुख्य लेखक गॅरी फ्रेझर, सहलेखकांत जोआन साबाते. दोघेही लोमा लिंडा विद्यापीठाचे. आज 'रोज मूठभर सुकामेवा खा' हा सल्ला आपल्याला व्हॉट्सॲपवर रोज भेटतो, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा निबंध आहे.

हा शोध लोमा लिंडालाच का लागला, हे समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, आणि त्याच्या मर्यादाही कळत नाहीत.

लोमा लिंडा हे विद्यापीठ सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं. (याच पंथाचं स्पायसर कॉलेज पुण्यात औंधला आहे, अनेक पुणेकरांना ते माहीत असेल.) पंथाची अधिकृत स्थापना १८६३ सालची, मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावातली. त्याच वर्षी पंथाच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांनी आरोग्याबद्दलचा दृष्टान्त सांगितला. दारू-तंबाखू सोडा, मांस टाळा, धान्य, फळं, भाज्या आणि कवचाची फळं खा, अशी त्यानंतरची शिकवण. देह नीट राखणं हे धर्माचरणच आहे, अशी या लोकांची श्रद्धा. पुढे याच पंथातले डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात ही शिकवण थेट स्वयंपाकघरात आणली. कॉर्नफ्लेक्सशी त्यांचं नाव जोडलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शेंगदाण्यापासून लोण्यासारखा पदार्थ करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी १८९५ मध्ये अर्ज केला होता, हे कमी जणांना माहीत असतं. मांसाऐवजी खाता येतील असे शेंगदाण्याचे पदार्थही त्यांनी बाजारात आणले.

यातून पुढच्या संशोधनाला दोन गोष्टी आयत्या मिळाल्या. पहिली म्हणजे दाणे (इथून पुढे यात शेंगदाणे, बदाम, अक्रोड सगळेच आले) मनापासून खाणारी माणसं. फ्रेझर यांच्या अभ्यासात जवळपास पाव भाग लोक आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा दाणे खात होते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध अभ्यासात इतक्या वेळा खाणाऱ्या शंभरात जेमतेम पाच निघाल्या. खाणारेच मूठभर असतील तर तुलना करायची कोणाशी?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या पंथावरचा पहिला मोठा अभ्यास १९५८ साली सुरू झाला. त्यात कॅलिफोर्नियातल्या सुमारे २३,००० अनुयायांच्या मृत्यूंची तुलना बाकीच्या लोकांशी केली होती. ॲडव्हेंटिस्ट जास्त जगतात हे दिसलं, पण त्याचं श्रेय कशाला द्यायचं? सिगारेट न ओढण्याला, दारू न पिण्याला, शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीला, की भाजीभाकरीला? म्हणून १९७४ साली रोलंड फिलिप्स यांनी दुसरा अभ्यास हाती घेतला तेव्हा तुलना पंथाच्या आतच करायची असं ठरलं. जवळपास कोणीच ओढत नाही, फारसं कोणी पीत नाही, पण निम्मे लोक मांस टाळतात आणि निम्मे खातात. एकाच चर्चच्या बाकांवर बसणारी, सवयींनी सारखी, फक्त ताटात वेगळी अशी माणसं. आहारशास्त्रात इतकी स्वच्छ तुलना फार क्वचित हाताला लागते. ३४,००० हून जास्त लोकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या. फ्रेझर यांच्या निबंधातली ३१,२०८ माणसं यांतलीच. दाणे हे प्रश्नावलीतल्या अनेक पदार्थांपैकी एक होते, आणि आकडेमोड झाल्यावर तेच सगळ्यात ठळकपणे वर आले.

त्या लोकांनी नेमकं काय खाल्लं होतं? बातम्यांबरोबर बदाम-अक्रोडांचे फोटो छापून येतात, पण या अभ्यासात खाल्ल्या गेलेल्या दाण्यांपैकी सर्वांत मोठा, म्हणजे ३२ टक्के वाटा शेंगदाण्यांचा होता. त्यानंतर बदाम २९ टक्के, अक्रोड १६ टक्के. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं शेंगदाणा हा शेंगवर्गातला, पण पोषणाच्या हिशेबात तो याच पंक्तीत बसतो. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्या घरात अक्रोडाचा भाव विचारायचीही सोय नाही, त्या घरातही भाजीत दाण्याचं कूट पडतं, उपासाला दाण्याची आमटी होते, डब्यात शेंगदाण्याची चटणी असते. श्रीमंतांच्या वाटीतला म्हणून सांगितला जाणारा हा सल्ला मुळात गरिबाच्या दाण्यालाही तितकाच लागू होता.

अर्थात नुसत्या पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही. दाणे खाणारा माणूस एकूणच जपून राहणारा असू शकतो. म्हणून साबाते यांनी प्रयोग केला आणि तो १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अठरा निरोगी पुरुष. प्रत्येकानं चार आठवडे एक आणि चार आठवडे दुसरा असे दोन्ही आहार घेतले. एका आहारात अक्रोड अजिबात नाहीत, दुसऱ्यात दिवसाच्या उष्मांकांपैकी २० टक्के अक्रोडांतून. म्हणजे २,५०० कॅलरी घेणाऱ्याला रोज साधारण ८४ ग्रॅम, मूठभर म्हणतात त्याच्या तिप्पट. अक्रोडांच्या आहारात एकूण कोलेस्टेरॉल १२.४ टक्क्यांनी कमी भरलं, आणि वाईट मानलं जाणारं एलडीएल १६.३ टक्क्यांनी.

इथे दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. दोन्ही आहारांचे उष्मांक सारखे ठेवले होते. अक्रोड आले तेव्हा दुसरी चरबी, मांस, तळलेलं असं काहीतरी ताटातून गेलं होतं. पोटभर जेवून वर सुकामेव्याची वाटी रिकामी केली तर काय होतं, हे या प्रयोगानं तपासलंच नव्हतं. आणि प्रयोगाला पैसा कॅलिफोर्नियाच्या अक्रोड उत्पादकांच्या आयोगाकडूनही आला होता. पुढच्या अनेक अभ्यासांमागे असाच उत्पादकांचा पैसा दिसतो. तेवढ्यानं निष्कर्ष खोटा ठरत नाही, निबंधात तो उल्लेख उघड छापलेला असतो. पण बदाम, अक्रोड, पिस्ते यांवर ढीगभर अभ्यास आणि शेंगदाणे-तिळांवर त्या मानानं थोडे, हे असं का, याचं उत्तर त्यात आहे.

नंतर साक्षी वाढत गेल्या. १९९८ साली ८६,०१६ परिचारिकांच्या अभ्यासात, २००२ साली अमेरिकी डॉक्टरांच्या अभ्यासात हाच कल दिसला. जुलै २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पाकिटावर एक जपून लिहिलेलं वाक्य छापायला परवानगी दिली: रोज दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम दाणे खाल्ल्यानं हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं पुरावा सुचवतो, सिद्ध करत नाही. यादीत शेंगदाणे, बदाम, अक्रोड, पिस्ते, हेझलनट होते. काजू नव्हता. ५० ग्रॅममध्ये ४ ग्रॅमपेक्षा जास्त संपृक्त चरबी असलेल्यांना त्यातून वगळलं होतं आणि काजू त्या रेषेच्या थोडा पलीकडे पडला. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी हे मनाला लावून घेऊ नये. ती रेषा होती, काजूच्या विरोधातला पुरावा नव्हता.

स्पेनमधला 'प्रेडिमेड' हा खरा मोठा प्रयोग. ७,४४७ माणसं, हृदयविकाराचा धोका असलेली. एका गटाला भूमध्य समुद्राकाठच्या आहाराबरोबर ऑलिव्ह तेल, एका गटाला त्याच आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम मिश्र दाणे (निम्मे अक्रोड, उरलेले बदाम आणि हेझलनट), तिसऱ्याला चरबी कमी करण्याचा सल्ला. २०१३ साली निकाल आला: पहिल्या दोन्ही गटांत झटका, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी. पुढे लक्षात आलं की काही ठिकाणी गटवाटणी नियमाप्रमाणे झाली नव्हती. एकाच घरातल्या दोघांना एकाच गटात घातलं होतं, एका केंद्रावर तर अख्खे दवाखानेच एकेका गटात टाकले होते. २०१८ मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि नव्या हिशेबासह पुन्हा छापला गेला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, पण दाव्याची भाषा सौम्य झाली. २०२० साली सोळा देशांतल्या, भारतासकट, सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या 'प्युअर' अभ्यासातही दाणे जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. तरी आपल्याकडचा दाणा मोजणं अवघड आहे, असं मला वाटतं. 'आठवड्यातून किती वेळा?' या प्रश्नाला वांग्याच्या भाजीत विरघळलेलं कूट काय उत्तर देणार?

दाण्यांबाबत पुरावा एका दिशेनं जातो, शाकाहाराबाबत मात्र तो फाटे फोडतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ॲडव्हेंटिस्टांच्या नव्या अभ्यासात, ७३,३०८ लोकांच्या नोंदींवरून, २०१३ साली शाकाहारींमध्ये मृत्यूचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी निघालं. फरक पुरुषांत ठळक होता, बायकांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात शाकाहारी आणि मांसाहारी यांच्या एकूण मृत्यूंत असा फरक दिसलाच नाही. त्याच अभ्यासाच्या २०१९ च्या निबंधात शाकाहारींना हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त आढळला. टक्क्यांनी घाबरू नये म्हणून मूळ माप सांगतो: हजार माणसांत दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त. कारण काय असावं, याबद्दल संशोधकांनी काही शक्यता मांडल्या, त्यांतली एक बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची.

आणि इथे हा विषय थेट पुण्यात येतो. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मांस, मासे, अंडी, दुधातून मिळतं. अमेरिकेतल्या शाकाहारी माणसाच्या सोयाबीनच्या दुधात आणि न्याहारीच्या पाकिटात ते बहुधा वरून मिसळलेलं असतं. आपल्या वरण-भातात, पोळी-भाजीत कोणी मिसळत नाही, आणि चहापुरत्या दुधानं गरज भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. सगळ्यात वाईट स्थिती मध्यमवर्गाची, ८१ टक्के. शाकाहारींना कमतरतेचा धोका ४.४ पट.

याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचाही पाठपुरावा चालवला आहे. गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक ब-जीवनसत्त्वच) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असं त्यांनी २००८ मध्ये मांडलं. ती मुलं वयात आल्यावर, २०१२ मध्ये, याच गावांत 'प्रिया' हा प्रयोग सुरू झाला. त्यात या तरुण मुलामुलींना लग्नाआधीपासूनच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं आणि पुढे त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायचं, अशी आखणी होती.